गळ्यातली शिट्टी

शिट्टी वाजली तेव्हा शंकरसिंग पोटावर पडलेला होता. उजवा हात मधली रेषा ओलांडून आपल्या, दारव्ह्याच्या बाजूला पोचलेला आणि कळंबचे दोन गडी अजून त्याच्या पायांना बिलगलेले. रेषेला हात लागला म्हणजे ते दोघेही बाद. गुण बरोबरीत होते, खेळ संपत आला होता. कापसाच्या बाजाराशेजारच्या मैदानात जमलेल्या माणसांनी टोप्या उडवल्या.

पंच धर्मपालने हात वर केला तो कळंबच्या बाजूला.

"दम मोडला," तो म्हणाला. "रेषेच्या आधीच मोडला. शंकरसिंग बाद."

त्याचा आवाज मुळातच लहान. पुढे बसलेल्यांनी ऐकलं, त्यांनी मागच्यांना सांगितलं आणि ओरडा पुढून मागे विझत गेला. भिंतीपलीकडे सरकी काढणाऱ्या जिनाचं इंजिन धकधकत होतं. ते मघापासूनच चालू होतं, पण आता सगळ्यांना ऐकू आलं. धर्मपाललाही आलं, आणि त्याच क्षणी त्याच्या मनात शंका शिरली. कबड्डी कबड्डी म्हणताना शंकरसिंगचा आवाज तुटला, मध्ये घोट गिळल्यासारखं झालं, हे आपण ऐकलं की इंजिनाच्या दोन ठोक्यांमधली पोकळी ऐकली?

शंकरसिंग उठला. त्याने छातीवरची माती झटकली नाही. दारव्ह्याचा हा कप्तान उंचीने कमी, पण तेलघाण्याच्या लाकडी लाटेसारख्या मांड्यांचा. त्याला धरून ठेवणारा गडी आसपासच्या तालुक्यांत नव्हता.

"कोनाचा दम मोडला बे?"

"तुमचा."

"तू कोठं होता?"

"तुमच्या बाजूलेच होतो."

"पुन्यांदा सांग, उकंडा."

छप्पन सालापर्यंत तो उकंडाच होता. नागपूरला जाऊन दीक्षा घेतली आणि धर्मपाल होऊन परत आला. त्याला चार-पाच वर्षं झाली होती, पण गावाच्या तोंडात नवं नाव बसलं नव्हतं. जनावरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर होता. गावातल्या बहुतेक बैलांचे खूर त्याने मांडीवर घेऊन धुतले होते, शंकरसिंगच्या बैलांचेही. संध्याकाळी तो या मैदानावर यायचा, चुन्याच्या फक्कीने रेषा आखायचा आणि कडेला उभा राहून खेळ बघायचा. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले कमलाकरजी वर्षानुवर्षं इथले पंच. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा त्यांनी क्रीडा मंडळाला सांगितलं, आता धर्मपालला उभं करा. मंडळाचे चिटणीस पंजाबराव अडखळत म्हणाले होते, "करू ना. फक्त त्यानं शिट्टी आपल्या घरून आनावी." त्यावर कमलाकरजी एवढंच बोलले होते, "शिट्टी मंडळाची असते, पंजाबराव. ती पंचाची कधीच नव्हती."

म्हणून मंडळाची ती पितळी शिट्टी आज पहिल्यांदा धर्मपालच्या गळ्यात होती. या मैदानाची एक रीत होती. खेळाआधी दोन्ही कप्तान शिट्टीची दोरी दोन बाजूंनी धरत आणि पंचाच्या गळ्यात घालत. खेळ संपला की हरलेल्या कप्तानाने ती आपल्या हाताने काढायची. जिंकलेल्याने तिला हात लावायचा नाही, पंचानेही नाही. दोरी निघाली म्हणजे निकाल मान्य झाला, मगच विजेत्याला ढाल द्यायची.

आज दोरी घालताना शंकरसिंग म्हणाला होता, "लय उंच हाय बाप्पा हा," आणि आपल्या बाजूची दोरी त्याने लांबूनच फेकली होती. ती धर्मपालच्या कानाला अडकली. लोक हसले. कळंबचा कप्तान सेवादास पुढे झाला आणि त्याने दोरी नीट खाली बसवली.

आता तोच शंकरसिंग अगदी जवळ आला. धर्मपालच्या छातीवर लोंबणारी शिट्टी त्याने मुठीत धरली आणि ओढली. दोरी मानेत रुतली. धर्मपालला त्याच्या श्वासातला गूळ-शेंगदाण्याचा वास आला.

"तुले ह्या शिट्टीची लाज राखता येत नाई," शंकरसिंग म्हणाला. "आन इकडं."

मागून कुणीतरी ओरडलं, "काढून घे ना, कायले इचारतं त्याले?" दुसरा म्हणाला, "जा म्हना ढोरं धुवाले." माणसं रेषेच्या आत सरकली. मैदानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात धर्मपालच्या वस्तीतली काही मंडळी उभी होती. तीही पुढे सरकली, तेव्हा धर्मपाल खरा घाबरला. आपल्याला मार पडेल ते पडेल, पण त्या माणसांनी एकदा हात उचलला की उद्या त्यांच्या घरापर्यंत काय येईल ते सांगता येत नव्हतं. आणि आपण आत्ता मैदान सोडलं, तर या वस्तीतल्या कुणाच्या गळ्यात ही दोरी परत पडायची नाही.

"काढा," तो म्हणाला.

शंकरसिंगला वाटलं होतं, तो हात जोडेल.

"काढा तुमच्या हातानं. मी अडवत नाई. पन दोरी हारलेला कप्तान काढत असते. तुमी काढली तं इथंच म्याच संपली. कळंब जिंकलं."

शंकरसिंगची मूठ शिट्टीवर तशीच राहिली. जवळ बसलेल्या म्हाताऱ्यांना बोलणं समजलं. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "सोड रे. खरं हाय ते." शंकरसिंगने मूठ उघडली. शिट्टी धर्मपालच्या बरगडीवर आपटली.

पंजाबराव धोतर सावरत मध्ये आले. धर्मपालच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही या विचारात त्यांचा हात अर्धवट उचलला गेला आणि परत खाली गेला.

"धर्मपाल, आयक माह्यं. जिनाचा आवाज होता. तुले नीट आयकू आलं नसंन. तुह्यी चूक नाई त्यात. चढाई पुन्यांदा घेऊ. दोन्ही बाजू खूश."

ते गोड बोलत होते. धर्मपालला वाटलं, हे खरंही असेल. खरंच ऐकू आलं नसेल. एक शब्द बोलायचा, 'घ्या,' आणि सगळी माणसं आपापल्या जागी जाऊन बसतील. त्याने कमलाकरजींकडे बघितलं. ते खुर्चीवर बसून चष्मा पुसत होते. पुसून झालेला चष्मा त्यांनी परत पुसायला घेतला. वर बघितलं नाही.

"सेवादासभाऊ काय म्हन्ते?" पंजाबरावांनी विचारलं.

"मी काय म्हननार?" सेवादास म्हणाला. "दोरी आमी दोघानं घातली. आता तो सांगंन ते."

धर्मपालने कोरडी जीभ ओठांवरून फिरवली. "चढाई झाली," तो म्हणाला. "शंकरसिंग बाद. कळंबले एक गुन. चला, खेळ सुरू करा."

आणि त्याने शिट्टी तोंडात धरली. पहिली फुंक नुसतीच हवेची गेली. दुसरी वाजली.

उरलेला खेळ धर्मपालला नंतर नीट आठवला नाही. शंकरसिंग बाहेर बसून गवताची काडी तोडत होता, एवढंच आठवलं. दारव्ह्याला गुण मिळाला नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा कळंब एका गुणाने पुढे होतं.

सगळे शंकरसिंगकडे बघायला लागले. तो उठला, सदरा खांद्यावर टाकला आणि धर्मपालच्या समोरून, त्याच्याकडे न बघता, मैदानाबाहेर निघून गेला. त्याच्यामागे त्याचे गडी गेले.

धर्मपाल मधल्या रेषेवर उभा राहिला. माणसं पांगली. पंजाबराव म्हणाले, "काढ आता तूच. येवढं काय त्याच्यात?"

"माह्या हातानं कशी काढू?"

पंजाबरावांनी कपाळाला हात लावला. ढाल त्यांच्या काखेत होती. ती ते सेवादासपुढे करायला लागले, तर तो मागे सरला. "राहू द्या तुमच्यापाशी. दोरी निघंन तवा घेऊन जाऊ. अशी नेली तं आमच्या गावात म्हनतीन, भांडून आनली." कळंबची पोरं ट्रकमध्ये चढली. कमलाकरजी काठी टेकत घरी गेले. जाताना धर्मपालच्या जवळून गेले, थांबल्यासारखे झाले आणि पुढे चालू लागले.

धर्मपाल शिट्टी गळ्यात घेऊनच घरी आला. वस्तीतले लोक ओट्यावर जमले होते. कुणी म्हणालं, शिट्टी शंकरसिंगच्या दारात फेकून ये. कुणी म्हणालं, आता मैदानावर पाय ठेवू नको, आपलं आपण मैदान करू. धर्मपाल ऐकून घेत होता. ते म्हणत होते ते चूक नव्हतं, आणि आपण करतो ते बरोबर आहे असंही त्याला खात्रीने सांगता येत नव्हतं.

सगळे गेल्यावर त्याची बायको सत्यशीला म्हणाली, "काढा ना ते आता. बैलाच्या गयात घंटी बांधल्यावानी दिसते."

"मी घातली नाई, मी काढत नाई."

"आन तो आलाच नाई तं?"

सत्यशीलाने त्याची मान बघितली. दोरी ओढल्याच्या जागी कातडी सोलली होती. तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि दोरी गळ्यातच असताना तिच्यावर शिवून टाकली. सुई मानेजवळ येई तेव्हा ती म्हणायची, "हालू नका."

तो शिट्टी सदऱ्याच्या आत ठेवून कामावर जाऊ लागला. जखम धुवायला वाकलं की ती बाहेर पडायची आणि जनावराच्या अंगावर लोंबायची, म्हणून डाव्या हाताने तिला छातीशी धरायची सवय त्याला लागली. बैल घेऊन येणारे विचारायचे, "काय उकंडा, ढोराईची म्याच लावली काय?" तो हसल्यासारखं करायचा. आंघोळीला दोरी, झोपताना दोरी. कुशीवर वळताना शिट्टी टोचायची आणि जाग यायची, मग तो तेच ऐकत पडायचा. कबड्डी, कबड्डी, मध्ये घोट, मग इंजिन. काही दिवस घोट स्पष्ट ऐकू यायचा. काही दिवस नुसतंच इंजिन.

मंडळाचा पुढचा सामना ठरला. पंजाबराव कमलाकरजींकडे गेले, की एवढ्या वेळी तुम्हीच उभे राहा, दुसरी शिट्टी विकत आणतो. ते 'नाही' म्हणाल्याचं धर्मपालच्या कानावर आलं. का, ते आलं नाही.

एका सकाळी दवाखान्यासमोर नेहमीसारखी रांग होती. लमाण तांड्यावरची सुखीबाई शिंग मोडलेली शेळी घेऊन पुढे बसली होती. धर्मपाल शिंगाच्या बुडाशी पट्टी बांधत होता. त्याने मान वर केली तेव्हा रांगेच्या शेवटी, दोन बैलांच्या मागे, शंकरसिंग उभा होता. त्याच्या हातात कासरा नव्हता.

रांग पुढे सरकली तसा तोही सरकला; त्याच्यामागे आणखी बैल येऊन उभे राहिले. कुणी त्याला पुढे बोलावलं, तर त्याने मानेनेच नाही म्हटलं. सुखीबाईने त्याला खालून वरपर्यंत बघितलं.

"तुह्यं जनावर कोठं हाय रे बापू?"

"नाई आनलं."

"मंग तुलेच काय झालं?"

माणसं हसली. शंकरसिंग हसला नाही, रागावलाही नाही. त्याची पाळी आली तेव्हा धर्मपाल कोपऱ्यातल्या बादलीत हात धूत होता. त्याने साबण लावून हात दोनदा धुतले, कोरडे केले, आणि शिट्टी सदऱ्यातून बाहेर काढली.

"कमलाकरजी म्हन्ते," शंकरसिंग जमिनीकडे बघत म्हणाला, "पयल्या पंचाची दोरी निघाली नाई, तोवर दुसऱ्याच्या गयात घालता येत नाई."

धर्मपालने बादली पायाने बाजूला सरकवली.

"एक इचारू? खरंच आयकू आलं तुमाले? जिन चालू होतं."

हाच प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून धर्मपाल इतके दिवस धास्तावला होता. हो म्हणणं सोपं होतं, आणि बैलवाले सगळे ऐकत होते.

"आयकू आलं असं वाटलं," तो म्हणाला. "त्या टायमाले जे वाटलं ते सांगतलं."

"नव्हता मोडला."

"असंन."

"मी आजबी म्हनतो, दम मोडला नव्हता."

"म्हना."

शंकरसिंग एक पाऊल पुढे आला. मग त्याने दोन्ही हात वर केले. धर्मपालची मान सवयीने वाकू लागली होती. ती त्याने सरळ केली. शंकरसिंगला टाचा उचलाव्या लागल्या. त्याची बोटं धर्मपालच्या मानेवर टेकली, दोरीवरच्या कापडापाशी थांबली.

"हे कोनं शिवलं?"

"आमच्या घरी."

दोरी कानावर अडकू नये म्हणून त्याने ती आधी एका बाजूने सोडवली, मग दुसऱ्या बाजूने, आणि डोक्यावरून काढली. हाताला गुंडाळून शिट्टी खिशात ठेवली. "येतो पंच," म्हणाला आणि बैलांमधून वाट काढत गेला.

धर्मपालने पुढच्याला हाक मारली. खुराला जखम झालेला एक लाल बैल होता. तो खाली बसला, खूर मांडीवर घेतला आणि वाकताना त्याचा डावा हात छातीशी गेला. तिथे काही नव्हतं. हात क्षणभर तसाच राहिला, मग त्याने तो खाली घेतला आणि जखम धुवायला लागला.