बपेऱ्याच्या कॅम्पच्या अटी

डॉ. मोहरीलांचा भूक या विषयावर फार मोठा अभ्यास होता. 'प्रथिनांची तूट' हे शब्द ते असे उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही तूट यांनीच मोठ्या कष्टाने शोधून काढली. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यात कोणाच्या चुलीपर्यंत पाऊल टाकलेलं नव्हतं. चुलीपर्यंत जायला आम्ही होतो. मी, चंद्रकला गजभिये, नागपूरला विद्यापीठात त्यांच्याच विभागात संशोधन सहायक, आणि माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान सुलोचना. ती गोंदियाची, नुकतीच गृहविज्ञानाची पदवी घेतलेली.

१९७८च्या जानेवारीत आमचा कॅम्प बपेऱ्याला लागला. तिथल्या ऐंशी घरांत रोज काय शिजतं ते शिजण्याआधी तोलायचं, हे काम. खरा रोख लाखोरीच्या डाळीवर होता. ती रोज आणि भरपूर खाल्ली की पाय लुळे पडतात. सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातलेली. त्यामुळे ती शेतात पिकत होती, घरात शिजत होती, आणि कोणी विचारलं की गावात कुठेच नव्हती. बायकांचा विश्वास बसल्याशिवाय ती दिसणं शक्य नव्हतं. म्हणून तर आम्हा दोघींना नेलं होतं.

राहायला गावाबाहेरचं रेस्ट हाऊस होतं. दोन खोल्या. पुढची सरांची, मागची आमची, आणि मधल्या दाराची कडी फक्त त्यांच्या बाजूने. ड्रायव्हर परसराम जीपमध्ये झोपायचा.

पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "सर, या दाराला आमच्या बाजूनेही कडी बसवून घेते. गावात सुतार आहे."

ते हसले. "गजभिये, फील्डवर्क म्हणजे माहेरपण नव्हे. इथे कोण येणार आहे? वाघ?"

आम्ही वजनांची लोखंडी पेटी दाराला लावून झोपायला लागलो. त्यावरही ते सकाळी चहा पिता पिता विनोद करत. त्यांच्या विनोदांना हसावं लागे, कारण कामाच्या अनुभवाच्या सर्टिफिकेटवर सही त्यांची.

आठवडाभरात कामाची एक रीत बसली. मला जीप देऊन दूरच्या टोल्यांवर, म्हणजे गावाच्या वाड्यावस्त्यांवर, पाठवायचं आणि सुलोचनाला 'आकडेमोडीसाठी' रेस्ट हाऊसवर ठेवायचं. एकदा सकाळी तिने माझा हात धरला. "चंद्रकलाताई, मला पण घेऊन चल ना. आकडेमोड तिकडे झाडाखाली करीन."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "फॉर्म मागे पडलेत. संपव आधी."

मला कळत नव्हतं असं नाही. सर तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून कसे उभे राहतात ते मी पाहिलं होतं. पण माझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये वाढवून मिळायची होती. मोहरीलांबद्दल पुढे मी जे काही बोलणार आहे, त्यात थोडा वाटा माझाही धरावा.

त्याच दिवशी टोल्यावरची मंडळी लग्नाला गेलेली निघाली. चुली थंड. मी दुपारी दोनलाच परत आले. सुलोचना बाहेर विहिरीच्या ओट्यावर भर उन्हात बसली होती. तिच्या एकाच पायात चप्पल होती.

"काय झालं?"

"टेबलापाशी बोलावलं. हात धरला. मी सोडवून घेतला तर उठून दार लावलं. म्हणाले, तुझं सर्टिफिकेट माझ्या सहीनेच निघणार आहे." मग म्हणाली, "मी चावले त्यांना. हाताला. मग पळाले."

मी आत गेले. सर खुर्चीत बसून चहा पीत होते. उजव्या हाताला रुमाल गुंडाळला होता.

"मांजर," ते म्हणाले. "या खेड्यातली मांजरंसुद्धा कुपोषित."

मला वाटलं होतं, असा माणूस पकडला गेला की घाबरत असेल, निदान नजर चुकवत असेल. यांनी बिस्किट बुडवून खाल्लं.

संध्याकाळी कुंताबाईच्या घरी तोलायला गेले. कुंताबाई म्हणजे गावातली पाच एकर धानवाली, नवरा टिकाराम, दोन सुना. पहिल्या दिवशी तिने मला उंबरठ्याबाहेर बसवून तांदूळ तोलायला लावला होता. माझं आडनाव तिने आधी विचारून घेतलं होतं. या संध्याकाळी सुलोचना माझ्यासोबत होती आणि नुसती भिंतीकडे बघत बसली होती.

"ते पोरगी काहून जेवत नाई बाई?" कुंताबाईने विचारलं.

"बरं नाही तिला."

"तुमच्या सायबाच्या हाताले काय झालं? टिकाराम सांगून राहिले, मांजर चावली म्हणते."

कुंताबाईने सुपातले खडे निवडणं थांबवलं.

"मांजर अशी गोल चावत नाई," ती म्हणाली. "मले चार पोरं झाली. दात उमटलेले मले समजते." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बिस्तर घेऊन या दोघी. समोरच्या खोलीत झोपा. माह्या घरी तुमच्याकडं कोण पाहते ते मी पाहातो."

आम्ही त्याच संध्याकाळी गेलो. परसरामने न विचारता पेट्या उचलल्या. सर व्हरांड्यात उभे राहून म्हणाले, "परवानगीशिवाय कॅम्प सोडताय, हे लक्षात ठेवा." मी ठेवलं. कुंताबाईकडे माझा पाण्याचा गडवा वेगळा होता, कोनाड्यात, एकटा. तेही मी लक्षात ठेवलं. पण तिच्या घरात मला पंधरा दिवसांत पहिल्यांदा आडवं पडल्याबरोबर झोप लागली.

सुलोचनाने एकपानी तक्रार लिहिली. तारीख, वेळ, काय झालं, बस. ती पोस्टाने विभागात गेली. त्याआधीच सरांचा अहवाल पोचला होता. मुली अपरिपक्व आहेत, शिस्त मोडतात, गावकऱ्यांत मिसळून कॅम्पची प्रतिष्ठा घालवतात.

नागपूरला आम्हाला तीन जणांच्या समितीपुढे बोलावलं. तिन्ही पुरुष, तिघेही मोहरीलांबरोबर दर शनिवारी पत्ते खेळणारे. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्करांनी सुलोचनाला विचारलं, "दार लावलं म्हणजे नेमकं किती लावलं?" मग त्यांनी समजूतदारपणे मान हलवून काहीतरी लिहून घेतलं. अर्ध्या तासात चौकशी संपली. निर्णय टाइप होऊन आला: विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेचा विचार करता यापुढे महिलांना क्षेत्रकार्यासाठी पाठवण्यात येऊ नये. बपेऱ्याचं काम डॉ. मोहरील यांच्या मार्गदर्शनाखाली पुरुष सहायकांनी पूर्ण करावं.

सुरक्षितता! एका माणसाचे हात आवरायचे सोडून तिघा विद्वानांनी दोन मुलींचे पाय बांधले आणि त्यावर स्वतःला शाबासकी दिली. एकाने तर मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "तुमच्याच भल्यासाठी केलंय." त्यांच्या खिशातलं पेन गळत होतं आणि सदऱ्यावर निळा डाग पसरत होता. मी सांगितलं नाही.

सुलोचनाच्या वडिलांनी तिला त्याच आठवड्यात गोंदियाला नेलं.

मी जवाहरनगरला घरी आले. माझे वडील, सोमाजी गजभिये, तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. छप्पन साली दीक्षाभूमीवर गेलेल्यांपैकी ते. बोलणं कमी. मी सगळं सांगितलं, माझं 'फॉर्म संपव आधी' पण सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"तुमच्या सायबाले गेटवर कोणी तपासत नाई का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"कसलं गेट, बाबा?"

"आमच्या कारखान्यात आत जाताना माचिस, बिडी बाहेर ठेवा लागते. मजूर असो का जनरल मॅनेजर, खिसे दोघायचेही पाहतात. माणूस चांगला हाये का बेकार, हे कोणी विचारत नाई. आत बारूद हाये, एवढंच पाहतात." ते उठले, बुशशर्ट खुंटीवर टांगला. "तू रडून कायले राहिली? नेम लिव. सगळ्यायले लागू होईन असा."

तो नियम लिहायची संधी मला मोहरीलांनीच दिली, आणि तीही त्यांच्या स्वभावाप्रमाणे स्वतःला न कळता.

फेब्रुवारीत ते भोजराज आणि आणखी एका सहायकाला घेऊन बपेऱ्याला गेले. भोजराज वाईट मुलगा नव्हता. परत आल्यावर त्यानेच मला सगळं सांगितलं. गावातल्या बायकांनी त्यांना अंगणात खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. जे विचारलं त्याची उत्तरं मात्र भरभरून दिली.

"डाळ कोणती खाता?" भोजराजने कुंताबाईला विचारलं.

"तुरीची. वरून तूप."

"रोज?"

"रोज. रातच्याले खीर असते."

"लाखोरी?"

"ते काय असते?" कुंताबाई म्हणाली. तिच्या मागे अंगणात लाखोरीचा ढीग मळणीसाठी पडला होता.

ऐंशी घरांत हेच झालं. मोहरीलांनी ते आकडे जसेच्या तसे जोडले, सरासरी काढली आणि तक्ते पाठवून दिले. त्यांच्या तक्त्यांप्रमाणे बपेऱ्याचा शेतमजूर दिल्लीच्या सचिवापेक्षा जास्त तूप खात होता. पैसे देणाऱ्या संस्थेकडून एक उतारवयाच्या बाई तपासणीला आल्या. त्यांनी तक्ते वाचले, चष्मा काढला आणि विभागप्रमुखांना विचारलं, "हा अभ्यास तुम्ही केलाय की त्या बायकांनी तुमचा केलाय?" एप्रिलअखेरपर्यंत खरे आकडे आले नाहीत तर पुढचा हप्ता बंद, असं सांगून त्या निघून गेल्या.

चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं. विभागप्रमुख खुर्चीतून अर्धे उठले. तोवर मला कधी बसा म्हटलं नव्हतं, त्या दिवशी म्हटलं.

"तुम्ही जाल ना बपेऱ्याला? विभागाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे."

इभ्रत कोणाची कुठे अडकते, बघा. सुलोचनाच्या पानावर जो शब्द कोणाला दिसला नव्हता तो तुपाच्या आकड्यात दिसला.

"अटी आहेत," मी म्हणाले आणि टाइप केलेला कागद पुढे ठेवला.

मुक्कामाची जागा बायकांनी निवडायची, दाराच्या कड्या त्यांच्या हातात. कोणतीही सहायक कॅम्पवर एकटी ठेवायची नाही, कामाच्या नावाखाली तर नाहीच. जीप कोणी कधी मागितली तरी मिळाली पाहिजे, कारण न विचारता. तक्रार कॅम्पच्या प्रमुखाकडे नाही, सरळ कुलसचिवांकडे, आणि तिची पोच लेखी. सर्टिफिकेटवर दोघांच्या सह्या. हे नियम प्राध्यापकांपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना. आणि शेवटी, डॉ. मोहरील कॅम्पवर येणार नाहीत.

प्रमुखांनी वाचलं. लाल पेन्सिल घेऊन शेवटच्या ओळीवर रेघ ओढली. "बाकीचं बघू. पण हे जरा व्यक्तिगत होतंय."

"चावलं ते पण व्यक्तिगतच होतं," मी म्हणाले आणि कागद उचलून निघाले.

तीन दिवस कोणी काही बोललं नाही. त्या तीन दिवसांत मला जेवण गेलं नाही. शिष्यवृत्ती गेली, नोकरी गेली, बाबांना काय तोंड दाखवू, असंच वाटत होतं. चौथ्या दिवशी शिपाई कागद घेऊन आला. लाल रेघ रबराने खोडली होती, नीट खोडलीही गेली नव्हती, आणि खाली सही होती. मोहरीलांची 'ज्येष्ठ सल्लागार' म्हणून नेमणूक झाली होती. आमच्याकडे शिक्षा अशीच होते. माणसाला एक पायरी वर ढकलतात आणि खिडकी असलेली खोली देतात.

मी सुलोचनाला पत्र लिहिलं, ये म्हणून. तिचं उत्तर आलं. तिला शाळेत नोकरी लागली होती. 'तुझा राग नाही,' तिने लिहिलं होतं, 'पण त्या सकाळी तू मला घेऊन गेली असतीस तर बरं झालं असतं.' मी त्या पत्राला उत्तर लिहू शकले नाही. आजवर नाही.

मार्चमध्ये आम्ही तिघी बपेऱ्याला गेलो, मी आणि दोन नव्या मुली. कुंताबाईने चुलीशी पाट टाकला, माझ्यासाठीसुद्धा. गडवा अजून कोनाड्यात होता. मग तिने मडक्याचं झाकण काढलं. लाखोरी. त्या घरात दर माणशी दिवसाला जितकी निघाली तितकी मी तोवर कुठे पाहिली नव्हती. त्याच घरात राहणारा टिकारामचा धाकटा भाऊ पाय ओढत का चालायचा, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ऐंशीच्या ऐंशी घरांचे तक्ते गेले. अहवालावर पहिलं नाव मोहरीलांचं छापलं गेलं, माझं चौथं.

चार वर्षांनी नागपूरला एक परिसंवाद झाला. विषय होता क्षेत्रकार्यातील महिला. बीजभाषण डॉ. मोहरीलांचं. त्यांनी खिशातून कागद काढला आणि आमच्या अटी वाचल्या, ओळीने, शेवटची सोडून. "महिलांच्या सुरक्षिततेबाबत आमच्या विभागाने फार पूर्वीच दूरदृष्टी दाखवली," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. तीनही पत्तेवाले पहिल्या रांगेत होते. त्यांनी जरा जास्तच वाजवल्या.

मी उभी राहिले. "सर, एक ओळ राहिली."

"वेळ कमी आहे, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"एकच आहे," मी म्हणाले, आणि वाचली. नावासकट.

मोहरीलांनी पाण्याचा पेला उचलला, आणि पहिल्यांदाच माझी नजर चुकवली. मागच्या रांगेतल्या एका अनोळखी मुलीने वही काढली आणि मला हळूच विचारलं, "ती ओळ परत सांगाल का? मला पूर्ण लिहून घ्यायचीय." मी सावकाश, एकेक शब्द सांगितला. तिचं लिहून झाल्यावर मी बाहेर पडले आणि लाखनीची एसटी पकडली. तिथे उद्यापासून माझा कॅम्प होता.