न लिहिलेल्या ओळी

"डिस्क खराब झाली होती, एवढंच सांगा," अधीक्षक दाराशीच दबक्या आवाजात म्हणाले. "विषय तिथेच मिटेल."

इस्पितळातले संगणक बावीस वर्षं काकाच सांभाळत होते. चौकशीच्या खोलीत जाऊन ते भिंतीकडेच्या खुर्चीत बसले. समोर सिस्टर होती. एक खुर्ची सोडून, गेलेल्या पेशंटची मुलगी.

अतिदक्षता विभागात पेशंटची नाडी घसरली, गजर दहा मिनिटं वाजत राहिला आणि सिस्टर जागची हललीच नाही, अशी मुलीची तक्रार होती.

"मी तीनदा गेले," सिस्टर म्हणाली. "गजराचं बटण दाबलं, डॉक्टरांना फोन लावला. मशीनमध्ये असेल ना सगळं!"

मशीनमध्ये काहीच नव्हतं.

वर्षापूर्वी गजरांची नोंद ठेवणाऱ्या संगणकाची डिस्क शेवटच्या घटका मोजू लागली होती. अशा डिस्कवर ठरावीक मर्यादेपर्यंतच लिहिता येतं. पुढे ती हात टेकते. नव्या डिस्कसाठी काकांनी तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि विभाग बंद ठेवणं तर शक्यच नव्हतं. तेव्हा एका दुपारी बसून त्यांनी यंत्राचं फुकटचं लिहिणं तोडलं. तात्पुरत्या फायली मेमरीत वळवल्या, दुहेरी प्रती थांबवल्या. तरी गजर कधी वाजला, बटण कधी दाबलं, याच्या नोंदीच्या दिवसाला हजारो ओळी डिस्कवर पडतच होत्या. कोण वाचतं त्या? त्यांनी त्याही बंद केल्या. डिस्क तगली. अधीक्षकांनी पाठ थोपटली होती.

"हं, तर डिस्क..." अधीक्षकांनी सुरुवात करून दिली.

"डिस्क चालू आहे," काका म्हणाले. "नोंद मी बंद केली. सिस्टरला त्याची कल्पना नव्हती. मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे बाबा गेले तेव्हा जवळ कुणी होतं का, ते कधीच कळणार नाही?"

"मी होते," सिस्टर म्हणाली.

"तुम्ही तसंच म्हणणार."

"सहा वर्षं बघतोय हिला," काका म्हणाले. "ही खोटं बोलणारी नाही."

ते वाक्य अधीक्षकांनी लिहून घेतलं नाही.

चौथ्या दिवशी दोघांच्या हातात पत्रं पडली. काका निलंबित, निवृत्तीला सात महिने उरले होते. सिस्टरच्या बाजूने पुरावा नाही, म्हणून तिलाही कामावरून कमी केलं.

दुपारी फाटकाबाहेरच्या थांब्यावर ती उभी होती. पायाशी पिशवी, पिशवीत ड्यूटीच्या चपला आणि चहाचा कप. काका तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"माझ्यामुळे झालं गं हे."



"शेवटी मी त्यांचा हात धरून बसले होते, काका. ते काही मशीनमध्ये आलं नसतं."

"त्या मुलीला सांगितलंस?"

"दोनदा फोन केला. तिने ठेवून दिला."

बस आली, दार उघडलं. ती चढली नाही. बस गेल्यावर काकांनी खाली वाकून तिची पिशवी उचलली आणि पुढची बस येईपर्यंत हातात धरून ठेवली.