दाराची ड्युटी

भगवानला सिनेमाची आवड नव्हती. गाण्यातलंही त्याला फारसं कळत नसे. तरी दर शुक्रवारी आणि महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला तो शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेला असे. दीड वर्षात त्यानं ती खुर्ची एकदाही रिकामी ठेवली नव्हती. लोक एकमेकांना दाखवत, बघा, बायकोवरचं प्रेम असं असतं.

शेड म्हणजे गावातल्या शनवारा दरवाज्याच्या मागची पॉवरलूमची शेड. माग विकले गेले, जागा पडून होती. पेपर मिलमधून रिटायर होऊन बुऱ्हाणपुरात घरं बांधलेल्या सात-आठ मराठी कुटुंबांनी ती मालकाकडून मागून घेतली आणि तिथं पडदा लावला. टॉकीजमध्ये न लागणारे सिनेमे इथं लागत. रविवारी कुणीतरी गायला, वाजवायला येई. शंभर खुर्च्या होत्या, त्यातल्या साठ भरल्या की सगळे खूश. पगार कुणालाच नव्हता. प्रोजेक्टरवाला, खुर्च्या लावणारा, दारावर बसणारा, सगळे घरचं खाऊन राबणारे.

या सगळ्यांचे मुखिया पंडित. मिलमध्ये ते शिफ्ट इन्चार्ज होते आणि तिथला एक कायदा त्यांनी शेडमध्ये जसाच्या तसा आणला होता. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही, आणि आपला रिलीव्हर आपण शोधायचा. मिलमध्ये ते बरोबरच होतं. कागदाचं मशीन रात्रंदिवस चालतं. पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहीपर्यंत आधीचा हलत नाही. शेडमध्ये तसं मशीन काही नव्हतं. दारावरचा माणूस अर्धा तास उठला असता तर कुणाचं काही अडलं नसतं. पण एवढ्या वर्षांची सवय. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. भगवाननं स्वतः एकतीस वर्षं कटर मशीनवर काढली होती, त्यालाही नाही.

दाराची ड्युटी आधी त्याच्या बायकोची होती, लक्ष्मीची. ती गेली तेव्हा तेराव्याला शेडची सगळी मंडळी घरी आली. खाली मान घालून बसली. कुणी उठेना. पंडित म्हणाले, "वहिनींची खुर्ची आम्ही रिकामीच ठेवली आहे भाऊ. कुणाला बसवायचं मनच होत नाही." भगवानला एवढंच हवं होतं की या लोकांनी आता जावं. तो म्हणाला, "मी येतो तिच्या जागी." बायकांनी डोळ्यांना पदर लावला. लोक गेले, पण तो शब्द मागे राहिला.

कुणाला न सांगितलेली गोष्ट अशी होती. लक्ष्मी गेली त्याच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. ती शेडवर होती. सव्वासहाला तिचा फोन आला. "पाठीत भरून आलं आहे, घाम येतोय. गॅस असेल. तुम्ही अर्धा तास येऊन बसता का दारावर? मी घरी जाऊन पडते जरा." भगवान तेव्हा फुगलेला होता. शेड सुरू झाल्यापासून घरात जेवण वेळेवर नाही, चार शब्द बोलायला माणूस नाही, असं त्याचं चाललं होतं. त्या शेडची पायरी मी चढणार नाही, असं त्यानं तिला दोनदा ऐकवलंही होतं. तो म्हणाला, "तुमच्या त्या पंडितला सांग. मी येणार नाही." आणि फोन ठेवला. तिनं परत केला नाही. साडेआठला ती घरी आली. पहाटे दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता तो त्याच पायरीवर बसायचा आणि आल्या-गेल्याकडून स्वतःचं कौतुक ऐकायचा. इच्छापूरहून सिनेमाला येणारे एक केळीवाले गृहस्थ तर दर वेळी वाकून नमस्कार करत. शेडवर कौतुक न करणारं माणूस एकच होतं, मालूबाई. ती मध्यंतराचा चहा करी. सगळ्यांशी तिची बडबड चाले, भगवानपुढे मात्र कप ठेवून ती निघून जाई. तिचा स्वभावच तसा असेल, असं तो धरून चालला होता.

त्यानं सुटायची खटपट केली नाही असं नाही. शेजारच्या यादवला गळ घालून आणला. यादव दोन शुक्रवार बसला आणि तिसऱ्याला म्हणाला, "भैया, ये अपने बस का नहीं. जो आता है वो पूछता है, भगवान भाऊ कहाँ हैं? मी काय त्यांची हजेरी सांगायला बसलोय?" मग जळगावच्या मुलीकडे, वर्षाकडे राहायला जायचं निमित्त काढलं. तीच फोनवर म्हणाली, "या ना बाबा. पण तुम्हाला शेड सोडून करमेल का? आईचं तेवढंच राहिलंय." त्यानं विषय बदलला.

आणि मग पंडितांनी सत्काराचं काढलं.

"या रविवारी," ते म्हणाले, "गाण्याच्या आधी. शाल, श्रीफळ, दोन शब्द. जास्त काही नाही."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? दीड वर्षं खुर्ची एकदाही रिकामी ठेवली नाही तुम्ही. मिलमध्ये असं रेकॉर्ड कुणाचं होतं सांगा? माझं पण नव्हतं."

"पंडितजी, मला त्याच्या आधी तुमच्याशी थोडं बोलायचं आहे. लक्ष्मीबद्दल. त्या शुक्रवारी..."

पंडितांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नका बोलू. मला कळतं भाऊ. माझीही बायको आहे घरी." आणि त्यांनी दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारली.

त्या रात्री भगवाननं ठरवलं, सगळ्यांसमोर सांगून टाकायचं. खरं कळलं की लोक आपणहून आपल्याला उठवतील, दारावर बसू देणार नाहीत. रिलीव्हर शोधायची पण गरज नाही. या विचारानं त्याला कितीतरी महिन्यांनी झोप लागली.

रविवारी शेड भरली. खकनारहून आलेला एक सारंगीवाला कोपऱ्यात साज लावत होता. माइकचं काम हिमानीकडे होतं. कॉलेजात शिकणारी मुलगी, निम्मं हिंदी निम्मं मराठी बोलायची. तिनं भगवानला मंचावर चढवलं. "काका, टेन्शन मत लो. माइक तोंडाजवळ धरा, बस. खूप क्यूट दिसताय शालीत."

पंडितांनी शाल घातली, नारळ हातात दिला. दोन शब्द म्हणता म्हणता ते दहा मिनिटं बोलले. मग माइक भगवानकडे आला. एका हातात नारळ, एका हातात माइक. अंगावर शाल, आणि मंचापर्यंत पंख्याचा वारा पोचत नव्हता.

"माझा सत्कार करायला नको होता," तो म्हणाला. "मी सांगतो ते ऐका. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी इथूनच तिनं मला फोन केला. बरं नाही म्हणाली. अर्धा तास येऊन बसा म्हणाली. मी घरीच होतो. काही काम नव्हतं. मी येत नाही म्हटलं. रागात होतो म्हणून. ती शेवटपर्यंत बसून राहिली, आणि सकाळी गेली. तुम्ही म्हणता मी प्रेमानं येतो. तसं नाही. तेव्हा आलो नाही, म्हणून आता येतो. बाकी काही नाही. मला इथं बसवू नका."

शेडमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. भगवानला वाटलं, झालं. आता कुणीतरी उठेल, काहीतरी बोलेल.

मागच्या रांगेत टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळी शेड टाळ्या वाजवू लागली. केळीवाले गृहस्थ उभे राहून वाजवत होते. पहिल्या रांगेतल्या चारुलताबाई, पंडितांच्या पत्नी, रडत होत्या. पंडितांनी त्याला मिठी मारली. नारळ दोघांच्या मध्ये आला आणि भगवानच्या बरगडीत टोचला. "एवढं मोठं मन!" पंडित माइकमध्येच बोलले. "असं सगळ्यांसमोर कोण बोलतं हो? आणि वर म्हणतात, मला बसवू नका. अहो, तुम्हाला सोडतो कोण!" लोक हसले. पुन्हा टाळ्या.

"पण मी तिला..." भगवान म्हणाला. माइक हिमानीनं काढून घेतला होता. "काका, रुलाया यार तुमने," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

तो खाली उतरला. वाटेत किती हात पुढे आले त्यानं मोजले नाहीत. सरळ बाहेर येऊन खुर्चीवर बसला. दुसरं जायला कुठं होतं? शाल काढून मांडीवर घेतली. आत पंडितांनी सारंगीवाल्याची ओळख करून द्यायला सुरुवात केली. मघाशी सांगितलं ते कुणी ऐकलंच नव्हतं. त्यांना हवं तेवढं त्यांनी उचललं, आणि आता तेही कौतुकात जमा झालं होतं. सांगण्यासारखी त्याच्याजवळ एकच गोष्ट होती. ती सांगून झाली.

मालूबाई पातेलं धुवायला बाहेर नळावर आली. तिनं पातेलं घासलं, उपडं घातलं. मग हात पुसत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"झाला सत्कार?"

भगवान शालीच्या काठाकडे पाहत होता.

"मी नाही वाजवली टाळी," ती म्हणाली. "मला माहीत होतं फोनचं."

त्यानं वर पाहिलं.

"इथंच उभी होती ना मी. ताईचा चेहरा पाह्यला मी, फोन ठेवल्यावर. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, काही नाही, ते येऊन राहिलेत."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुम्ही! म्हणे, येऊन राहिलेत, मग मी घरी जाईन."

भगवान खुर्चीत पुढं सरकला.

"मी म्हटलं, ताई, उठा, मी बसते तोवर. चहाचं पाहीन मधात. तर म्हणे, नको गं, तू तुझं काम कर, निघाले पण असतील ते. ओढणीनं घाम पुसून राहिल्या होत्या. थोड्या वेळानं मला म्हणे, जा, पाहून ये बरं कोपऱ्यावर, स्कूटर दिसते का. मी गेली. नाही दिसली. मध्यंतरात पुन्हा पाठवलं. पुन्हा गेली मी. दोनदा गेली कोपऱ्यापर्यंत, भाऊ, तुमची स्कूटर पाहायला. आणि आज तुम्ही वर उभे राहून सांगता, मी येत नाही म्हटलं होतं."

"तिला माहीत होतं मी येणार नाही."

"तेच आता कळलं ना मला! तेव्हा कळलं असतं तर हाताला धरून उठवलं असतं मी ताईला. चुलीत गेला पंडितजींचा कायदा. पण नवरा नाही म्हणाला, हे मला कसं सांगणार त्या? तुमची लाज राखत बसल्या. दीड वर्षं मी समजत होती, निघाले असतील आणि वाटेत कुणाशी गप्पा मारत थांबले असतील. त्याचाच राग होता मला. हे तर त्याहून खराब निघालं."

आत सारंगी सुरू झाली. मालूबाई जाईल असं त्याला वाटलं, पण ती गेली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता. दीड वर्षात कुणी त्याच्याशी असं बोललं नव्हतं. तिनं बोलणं थांबवू नये असं भगवानला वाटलं.

"अजून काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"कशाला पाहिजे आता?"

"सांग मालूबाई. सगळं सांग. मला कुणी सांगितलेलंच नाही. मी कुणाला विचारणार होतो?"

मालूबाई पायरीच्या खालच्या टोकाला बसली, त्याच्यापासून लांब, रस्त्याकडे तोंड करून.

"अर्धा कप चहा घेतला. बाकीचा ठेवून दिला. कुणीतरी उशिरा आलं, त्याला बॅटरी दाखवत आत खुर्चीपर्यंत सोडून आल्या. परत आल्या तर दम लागला होता. मी म्हटलं, काहून आले नाहीत अजून? तर म्हणे, अडकले असतील काही कामात. शो सुटला. सगळे गेले. दाराला कुलूप स्वतः लावलं. पंडितजी म्हणे, वहिनी, सोडू का गाडीनं? तर म्हणे, नको, येत असतील हे, वाटेत भेटतील. आणि गेल्या पायीच. मी कोपऱ्यापर्यंत होती सोबत. तिथून मी इकडं वळली, त्या तिकडं. हळू चालत होत्या."

"मग?"

"मग मला काय माहीत? मग घरी तर तुम्हीच होते."

भगवाननं मांडीवरच्या शालीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. आतून लोकांची दाद ऐकू आली. मालूबाईनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती वाट पाहत होती.

"दार उघडंच होतं," तो म्हणाला. "आत आली. मी टीव्ही बघत होतो. मला म्हणाली, जेवलात का? मी मान पण वळवली नाही. मग ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. माठावरचं झाकण खाली पडल्याचा आवाज आला मला. उठून बघावं असं वाटलं होतं. उठलो नाही."

"हं," मालूबाई म्हणाली. "पुढं बोला."