व्ही.पी.नं गेलेली पैठणी

पैठणी विकायचं ठरलं तेव्हा घरात मीच काय ती एकटी शहाणी, असं माझं ठाम मत होतं. मला शिलाई मशीन हवं होतं, आणि कस्तुराबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ट्रंकेतली पैठणी आपणहून माझ्या हातात ठेवली होती.

जिंतूरचा जरीवाला रोख द्यायला तयार होता. पण तो लुगडं तोलून घेणार आणि चांदीसाठी जाळणार. मी पेपरात जाहिरात दिली, तर नाशिकच्या एका बाईंचं पत्र आलं. त्या तिप्पट द्यायला तयार, फक्त पैठणी व्ही.पी.नं पाठवायची. पोस्टमन पैसे घेतल्याशिवाय पार्सल हातात देत नाही, त्यामुळे मी निर्धास्त होते. आमचे हे, रंगनाथराव, जन्माचे भित्रे. बाईंनी पार्सल घेतलंच नाही तर, वाटेत कुणी उसवलं तर, असं म्हणून त्यांनी आठ दिवस माझं डोकं खाल्लं. शेवटी मी म्हणाले, जळण्यापेक्षा हरवलेली बरी.

पार्सल सासूबाईंनी मांजरपाटात स्वतः शिवलं. तीन आठवड्यांनी मनीऑर्डर आली, लगोलग मशीनही आलं. मी दोन दिवस ह्यांच्यासमोरून उगाचच मिरवत होते.

मग एका दुपारी पोस्टमन पार्सल घेऊन आला. नाशिकचं. तेच मांजरपाट. ह्यांनी आधी पार्सलाकडे पाहिलं, मग मशीनकडे. पैठणी परत म्हणजे पैसे परत, आणि मशीनही गेलं.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "पुडी फुटली असंल."

"कसली पुडी, आत्याबाई?"

"कुंकवाची. ओटी घातली व्हती मी आत. लेकीबाळीच्या अंगावर जायचं लुगडं, कोरडं कसं धाडावं?"

मला भयंकर राग आला. चोर, पोस्ट, परकी बाई, सगळ्यांचा विचार मी केला होता. घरातल्या ओटीचा नव्हता केला.

रागारागातच टाके उसवले. आत पैठणी नव्हती. हिरवा खण, मूठभर तांदूळ आणि चिठ्ठी होती. ह्यांनी ती वाचली: "पदरावर कुंकू सांडलंय. आधी फार चिडले. मग तांदूळ दिसले. मला आई नाही, लग्न कोर्टात झालं. माझी ओटी पहिल्यांदा भरली ती तुमच्या पार्सलानं. डाग काढणार नाही. हा खण ओटी भरणाऱ्या बाईंना."

शिवायला आलेले लोकांचे कपडे बाजूला सारून मी तो खण शिवायला घेतला. चोळीचं माप घेताना सासूबाई रडत होत्या, आणि मी टेप वाकडा धरला म्हणून मलाच रागवत होत्या.