सकाळचं बोट

"थांब! अठरा," घड्याळावरून नजर न काढता मी म्हणालो.

"पाच सेकंदांत अठरा? मोजण्यात लबाडी नको हं," बायको म्हणाली, पण तिचा चेहरा खुलला होता.

संध्याकाळी मागच्या अंगणात आम्ही दोघंच होतो. तिच्या हातात पेंटबॉलचा मार्कर होता, म्हणजे रंगाच्या गोळ्या उडवणारी खेळातली बंदूक. आत गोळ्या नव्हत्या, नुसता हवेचा फट् फट् आवाज. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, त्यामुळे वेग वाढवायचा तर चाप हलका करायचा, आणि तो मी नुकताच केला होता. मी एकोणचाळीस वर्षं सोनारांचे आणि औषधवाल्यांचे वजनकाटे दुरुस्त केले. माझ्यापुढे चापाच्या एका स्प्रिंगची काय मिजास!

बायको नर्स होती. सगळा जन्म हळू आवाजात बोलण्यात गेला. निवृत्तीनंतर एकदा भाचीबरोबर मैदानावर गेली आणि खांद्यावर निळा डाग घेऊन खो खो हसत घरी आली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी सातला ती तिथे हजर. निम्म्या वयाची मंडळी तिला 'सिस्टर' म्हणतात. पण यंदा तिची बोटं आखडायला लागली, आणि चाप ओढता ओढता ती बाद व्हायला लागली.

त्या संध्याकाळनंतरच्या रविवारी मैदानावर माझी चांगलीच फजिती झाली. ती पिंपाआडून उठली, कशाबशा दोन गोळ्या सुटल्या, तोवर समोरच्या संघातल्या लायब्ररीवाल्या बाईंनी तिला रंगवून टाकलं.

"बास झालं आता," घरी येताना ती म्हणाली. "मार्कर भाचीला देऊन टाकू."

जुने पडदे देऊन टाकावेत तशी बोलली. तिचं ते हसणं मला मात्र घरातून जाऊ द्यायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती चहाच्या डब्याशी झटापट करत होती. झाकण हलेना.

"आण इकडे."

"सकाळी असंच असतं हो. दहा वाजेपर्यंत बोटं झोपलेलीच असतात."

मी कपाळावर हात मारला. काटा जिथे वापरायचा तिथेच तपासायचा, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. आणि सकाळच्या खेळाचा मार्कर मी संध्याकाळच्या बोटावर बसवला होता!

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही इतके खूश होतात. आणि दुसऱ्यांची दुखणी ऐकायची सवय, स्वतःचं कुठे सांगत बसू?"

पुढच्या रविवारी साडेपाचला तिला उठवलं. जुनी पितळी वजनं काढली आणि दोऱ्याने एकेक तिच्या बोटाला टांगली. तीनशे ग्रॅमला बोट सहज वाकलं. साडेतीनशेला तिने ओठ दाबले.

"दुखत नाहीये."

"आरशात तोंड बघ जरा."

तीच वजनं चापाला टांगत मी स्प्रिंगचा स्क्रू दोन फेरे सैल केला. मार्कर टेबलावर ठेवला, तर आपला आपणच फट्! नळीवर कापडी टोपी होती म्हणून बरं.

"फारच लाडावून ठेवलात," ती म्हणाली. मी अर्धा फेरा परत आवळला.

मैदानावरचे पंच महाकडक. त्यांनी मार्करच्या पाठीवर तळव्याने दोनदा थापटलं. नुसत्या धक्क्याने गोळी सुटली असती, तर मार्कर बाहेर आणि आमची सकाळ पाण्यात. नाही सुटली.

मग मी कुंपणाला नाक लावून मोजलं. पाच सेकंदांत चौदा. अठरा नव्हेतच, पण सकाळच्या चौदा! लायब्ररीवाल्या बाईंच्या पोटावर पिवळाधमक डाग उमटला. थोड्या वेळाने हीसुद्धा बाद झाली आणि हात वर करून हसत हसत बाहेर आली. मला फार बरं वाटलं.

घरी आल्यावर ती कोमट पाण्यात बोटं बुडवून बसली.

"अहो, तो स्क्रू अजून किती सैल होतो?"

"आपोआप सुटू नये म्हणून आतला खटका खोल बसवला, तर अडीच फेरे. मग हातातच येईल."

ती थोडा वेळ पाण्यात बोटं हलवत राहिली.

"वर्षाला एक फेरा धरला तर?"

"अर्धा धर."

"मग पुष्कळ झालं की," ती म्हणाली.

मी वजनं पुसली. त्यांची जागा माळ्यावरच्या पेटीत. पण ठेवली नाहीत. चहाच्या डब्याशेजारी, हाताशी मांडून ठेवली.