दर्याला दिलेलं

मंजुळाने जेवणाचा डबा टेबलावर आदळला आणि आरशासमोर उभ्या असलेल्या बाईच्या कानालाच हात घातला.

"काढ हे."

बाई दचकून मागे सरली. पाणी भरायला गेलेली शेफाली बाटली टाकून धावत आली. दादरच्या हॉलमधल्या प्रदर्शनात हा तिचा पहिलाच स्टॉल. चार महिने ओहोटीला शिवडीच्या चिखलात उतरून तिने बांगड्यांच्या काचा वेचल्या होत्या. पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या त्या हिरव्या काचा चांदीच्या तारेत गुंफून डूल केले होते, पदकं केली होती. स्टॉल आहे एवढंच सासूला, मंजुळाला, ठाऊक होतं; काचांचं काही सांगितलं नव्हतं. विकले गेले की मगच दाखवू, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

"आई, गिऱ्हाईक आहे ते!"

"काचा कुठून आणल्यास गो?"

"आपल्याच किनाऱ्यावरून. तीच तर डिझाइनची कल्पना आहे. पाटीवर लिहिलंय बघा, समुद्राने परत दिलेलं."

"परत दिलेलं?" मंजुळाच्या आवाजाने आख्खा हॉल वळला. "लग्नाच्या दिवशी उजव्या हातातल्या बांगड्या उतरवून दर्याला देतो आम्ही कोळणी. ह्या घे, माझा माणूस सोड, असं बोलून. तुझ्यासुद्धा मीच उतरवल्या. तेव्हा काय, फोटोसाठी खेळ वाटला तुला?"

"मला वाटलं, विधी झाला की संपलं."

"काळाचौकीच्या गणपतींत वाढलेली पोर ना तू? विसर्जनानंतर गणपतीचा हात उचलून शोकेसमध्ये ठेवतेस काय? आणि तुझा नवरा, माझा दीपेश, आज बोटीवर आहे. आज!"

शेफालीचा चेहरा उतरला. ती एकेक डूल मांडणीवरून काढू लागली. मग हात थांबला.

"तुम्हीपण दिल्या होत्यात ना, आई? मग बाबांना..."

मंजुळाचा नवरा दत्तू चौदा वर्षांपूर्वी बोटीसकट दर्यात गेला, फळीसुद्धा हाती लागली नाही. दर्याची मर्जी, म्हणून वस्तीने हात जोडले होते. हे मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मंजुळाने स्टूल ओढलं, बसली. एकेक काच उचलून ट्यूबलाइटकडे धरून बघू लागली. सगळ्या सारख्याच हिरव्या; आपली कुठली ते ओळखू येईना.

बाईने कानातले डूल काढून हळूच पुढे ठेवले. "मावशी, यातलं काही विकणार आहात का?"

"नाही."

मंजुळाने एक काच मुठीत धरली. बाकीचा ढीग शेफालीकडे लोटला.

"तारा सोडव सगळ्यांच्या. भरती लागायच्या आत धक्क्यावर पोचायचंय."

शेफालीने पक्कड घेतली. "आणि ती मुठीतली?"

"ही नाही मिळायची दर्याला," मंजुळा म्हणाली. "बाकीच्यांचे नवरे घरी येतात."