बेचाळिसावी फाइल

"म्हणजे मी अजून कामाला लागलोच नाही?" पंपमामांनी विचारलं.

"लागलात हो. पण सिस्टिमला ते माहीत नाही," कोर्सबाई म्हणाल्या. "तुमच्या नावापुढे शून्य टक्के आहे. इंडक्शन पूर्ण झाल्याशिवाय कार्यमुक्तीचं पत्र निघत नाही. नवा नियम. बसा."

"शुक्रवारी मी निवृत्त होणार. आणि आज सोमवारी तुम्ही मला शिकवणार, की इथं कामाला सुरुवात कशी करायची."

"मी नाही शिकवत. मी नुसत्या फाइली जोडते."

मामा बसले. चौतीस वर्षं ते पाणीपुरवठा केंद्राच्या पंपघरात मेकॅनिक होते. प्रशिक्षणाच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मात्र ते पहिल्यांदाच येत होते. खोलीत चार संगणक होते आणि चिकटपट्टी लावलेला एक हेडफोन. चप्पल दाराशी काढावी की नाही, यावर त्यांनी थोडा विचार केला होता.

कोर्सबाईंचं काम नऊ वर्षं एकच होतं. वरून आलेलं साहित्य तपासायचं, त्याला क्रमांक द्यायचा आणि पडद्यावरचं 'साहित्य जोडा' हे निळं बटण दाबायचं. आजवर एक्केचाळीस अनिवार्य फाइली जोडून झाल्या होत्या. नवा माणूस एकेक फाइल उघडे आणि खाली 'वाचले, समजले' असं दाबून पुढे जाई. कोण कुठे किती वेळ थांबलं, ते बाईंना दिसत असे. सरासरी सात सेकंद.

हा आकडा त्यांनी कधी कुणाला सांगितला नव्हता. गेल्या वर्षी नव्यानेच लागलेल्या एका मुलीचं मनगट तीन नंबरच्या पंपावर मोडलं. चौकशीत बाईंना एकच प्रश्न आला: साहित्य जोडलेलं होतं का? होतं. मुलीचा कोर्स शंभर टक्के पूर्ण होता. चौकशीतून सगळे सुटले, मनगट तेवढं अडकलं. ती मुलगी आता आवक-जावक बघते आणि डाव्या हाताने लिहिते.

मामा पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत होते.

"इथं लिहिलंय, गच्चीचं दार कायम उघडं असतं."

"नसतं?"

"किल्ली माझ्या खिशात असते."

बाईंनी ते वहीत टिपलं. नवव्या फाइलमधला अग्निशामक दोन वर्षांपूर्वीच जिन्याखाली हलवला होता. तेराव्या फाइलमधल्या फोटोतला माणूस वारला होता. बाईंना मजा वाटू लागली. आपण जोडलेलं कुणीतरी खरोखर वाचतंय, हे त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. सतराव्या फाइलवर मामा थांबले, आणि सात सेकंद उलटून गेले तरी हलेनात.

"काय झालं?"

"'पंप सुरू करण्यापूर्वी शाफ्ट हाताने फिरवून पाहावा.' हे कुणी लिहिलंय?"

"वरून आलंय. चुकलंय का?"

"बरोबर आहे. एक, दोन आणि चार नंबरला." मामांनी चष्मा काढला. "तीनची झडप मुजोर आहे, ताई. पंप बंद केला की झडपेने लगेच बसायला हवं, म्हणजे वर चढलेलं पाणी मागे येत नाही. तीनची कधी बसते, कधी मध्येच अडकते. अडकून सुटली की पाणी उलटं येतं आणि शाफ्ट, म्हणजे पंपाचा दांडा, गरकन फिरतो. त्या वेळी हात तिथं असला, तर..."

"मग कळायचं कसं?"

"धप्प असा आवाज येतो. झडप बसल्याचा. तो आल्याशिवाय हात लावायचा नाही. नवी झडप मागवलीय, तीनदा लिहून दिलंय."

"आणि हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलंय?"

"शेजारी जो उभा असेल त्याला." ते चष्म्याची काच पुसू लागले. "ती मुलगी लागली त्या आठवड्यात मी रजेवर होतो. बायकोचं ऑपरेशन होतं."

दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन कोर्सबाई पंपघरात उतरल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. फोटोत हिरवा दिसणारा पंप प्रत्यक्षात निळा होता. त्यांनी इतके प्रश्न विचारले की मामा म्हणाले, "ताई, माझी जागा रिकामी होतेय. अर्ज करा."

ध्वनिमुद्रण सुरू झालं. मामांनी तीन नंबर बंद केला. धप्प आवाज चाळीस सेकंदांनी आला. त्यांनी पुन्हा पंप चालवून बंद केला. या वेळी आवाज येईना. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाईंनी खुणेनेच विचारलं, थांबवू का? मामांनी नकारार्थी मान हलवली. चार मिनिटांनी जमिनीतून तळव्यांना जाणवावा असा तो आवाज आला.

"मधली शांतता कापून टाकते," वर जाताना बाई म्हणाल्या. "लोक कंटाळतील."

"कापू नका. शिकायचं तेच आहे."

फाइल अकरा मिनिटं चाळीस सेकंदांची झाली. प्रशिक्षण विभागाच्या साहेबांनी त्यातला एक मिनिटभर भाग ऐकला.

"छान आहे. ऐच्छिकमध्ये टाका."

"ऐच्छिक कुणी उघडत नाही, साहेब. सहा फाइली आहेत. आजवर एकदाही नाही."

"अहो, पण अनिवार्य केली तर सगळ्यांचे शंभर टक्के खाली येतील. महिनाअखेर आहे, वर अहवाल जातो. शिवाय लेखकाची पात्रता लिहावी लागते. मामांचं शिक्षण काय?"

"मी लिहिलंय. 'तीन नंबरवर चौतीस वर्षं.'"

"ही पात्रता झाली?"

"मुलीचं मनगट मोडलं तेव्हाही शंभर टक्केच होते, साहेब."

साहेबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्याची वायर गुंडाळली, पुन्हा सोडली.

"टाका," ते म्हणाले. "अहवालाचं मी बघतो."

बाईंनी 'अनिवार्य' निवडलं आणि निळं बटण दाबलं. एका गोष्टीचा मात्र त्यांनी विचार केला नव्हता. शुक्रवारी दुपारी चार वाजता ती गोष्ट इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभी राहिली.

"आस्थापनावाले पत्र देईनात. म्हणतात, अठ्ठ्याण्णव टक्केच आहे. काल तर मी शंभर होतो!"

बाईंनी कपाळावर हात मारला. "माझीच चूक, मामा. तुमचीच फाइल तुमची राहिलीय. बसा, नुसतं उघडून 'वाचले, समजले' दाबा. सात सेकंदांचं काम आहे."

मामांनी हेडफोन घातला. सात सेकंद झाले. मग मिनिट झालं. खाली निरोपाचा चहा निवत होता, दोनदा बोलावणं येऊन गेलं. मामा डोळे मिटून ऐकत राहिले. ती लांबलचक शांतता सुरू झाली तेव्हा त्यांनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, आणि आवाज आल्यावरच सैल सोडले. मग बटण दाबलं.

यंत्रातून प्रमाणपत्र सरकत बाहेर आलं. 'आमच्या परिवारात आपले स्वागत आहे. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' रुजू होण्याची तारीख: आजची.

"तारीख चुकलीय. खोडून देऊ का?"

"राहू द्या. बायकोला दाखवतो." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात, पेनाच्या मागे ठेवली. मग गच्चीची किल्ली काढून बाईंच्या वहीवर ठेवली आणि ते जिना उतरले.

पाच वाजता पाळी बदलली. खाली तीन नंबर बंद झाल्याचं बाईंना खिडकीतून ऐकू आलं. बहुधा तो रोजच याच वेळी बंद होत असणार. त्यांनी कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलून मांडीवर घेतले, आणि धप्प आवाजाची वाट पाहत बसून राहिल्या.